पुल म्हणजे ओढणे

१८ ऑक्टोबर

आजपासून रोज लिहायचं ठरवलं आहे. रोज म्हणजे लिहिण्यासारखं काही घडेल त्या दिवशी. शिपिंग कंपनीत अख्खी नोकरी पत्रव्यवहारात गेली, कॅप्टन लोकांची इंग्रजी मी सुधारून द्यायचो. हात बसून राहिला तर गंजेल.

घडलं ते असं. संध्याकाळी सत्यवतीवहिनी आल्या. वहिनी म्हणजे माझा चुलतभाऊ बाबली, त्याची बायको. बरोबर त्यांची सून समीक्षा. दोघी पडवीत टेकल्या आणि वहिनी म्हणाल्या, "भावजी, आमका इंग्रजी शिकवशात? पावणे येवचे आसत. आमका 'कम, सिट'च्या फुडे येणा नाय."

मी ओळखलं. माझ्याशिवाय यांचं पान हलणार नाही. वाडीतल्या चार घरांनी मिळून पाहुण्यांसाठी खोल्या काढल्या आहेत. आमचंही एक घर त्यात आहे, आणि ही सगळी उठाठेव आमच्या सावित्रीची. निवृत्तीनंतर डोंबिवलीत मुलाकडे, विनीतकडे, सुखाने राहायचं सोडून तिने गावचं घर दुरुस्त करायला लावलं. मी एका अटीवर हो म्हटलं. हा एक मोसम. पाहुणे आले, धंदा चालला, तर राहू. नाही चालला तर शिमगा झाला की गाशा गुंडाळायचा आणि डोंबिवली. ती लगेच कबूल झाली. तिलाही मनातून मुंबईच हवी असणार, फक्त बोलून दाखवत नाही.

वहिनींना म्हटलं, "सोमवारपासून या. वेळेवर." मी बोलत असताना वहिनी सावित्रीकडे बघून हसत होत्या. आनंद झाला असणार.

२१ ऑक्टोबर

पहिला वर्ग. चौघी बायका: सत्यवतीवहिनी, समीक्षा, आमची सावित्री आणि नर्मदाकाकी. काकींचं वय विचारायची सोय नाही, पण माझ्या बारशाला त्यांनी घुगऱ्या वाटल्या होत्या.

माझी पद्धत साधी आहे. दहा क्रियापदं कच्ची शिकण्यापेक्षा एक पक्कं शिकावं. कुठलं घ्यावं हा विचार करताना समीक्षाने मोबाइलवर टाकलेली जाहिरात दाखवली. तिने लिहिलं होतं, पाहुण्यांना कोळ्यांबरोबर जाळं 'ड्रॅग' करता येईल. मी म्हटलं, पोरी, ड्रॅग म्हणजे फरफटत नेणं. इथे 'पुल' हवं. झालं, क्रियापद ठरलं.

पुढेमागे नातवाने हे वाचलं तर त्याला कळावं म्हणून लिहितो. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं भलंमोठं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर असतात आणि वाडीतली माणसं त्या ओढतात. बाबली या रापणीचा म्होरक्या.

मी फळ्यावर लिहिलं, पुल म्हणजे ओढणे.

नर्मदाकाकी म्हणाल्या, "ह्या शिकूक कित्या होया रे इस्नू? जल्मभर ताच केलंय."

माझं नाव विष्णू. इथे कोणाच्याही जिभेवर ते धड बसत नाही.

मी सांगितलं, काकी, हा झाला शब्दशः अर्थ. इंग्रजीची गंमत पुढे आहे. पुल समवन्स लेग, पाय ओढणे, म्हणजे थट्टा करणे.

"थट्टा?" सत्यवतीवहिनी म्हणाल्या. "आमच्यात एकादो वर चडाक लागलो की तेचे पाय ओढतत. ती काय थट्टा नसता, भावजी."

"इंग्रजांत असते."

"मगे ते बरे," काकी म्हणाल्या. "आमच्यापेक्षा गरीब सोभावाचे."

सगळ्या हसल्या. वर्गात खेळीमेळीचं वातावरण हवंच. मला वाटतं मी जन्मजात शिक्षक आहे, उगाच फायली सांभाळत बसलो.

२४ ऑक्टोबर

आज पुल युअर वेट शिकवलं. आपलं वजन ओढणे, म्हणजे दहाजणांच्या कामात आपल्या वाटणीचं काम नेटाने करणे. उदाहरण म्हणून माझं ऑफिस सांगितलं, तिथे अर्धे लोक नुसते खुर्च्या गरम करायचे. सावित्री माझ्याकडे बघत होती. तिला हा अर्थ आवडला असावा.

तिचे तळहात फार खरखरीत झाले आहेत. साखर वाढल्यापासून ती पहाटे किनाऱ्यावर चालायला जाते, खाऱ्या वाऱ्याने होत असेल. मालवणात चांगलं क्रीम मिळतं, ते आणायला सांगितलं. म्हणाली, "बघू." मीठ लागलेल्या साडीने घरात शिरते, तेही सांगितलं. त्यावरही "बघू."

२६ ऑक्टोबर

सावित्री पाहुण्यांच्या चादरी आणायला मालवणला गेली होती. मी पडवीत पेपर वाचत होतो. बाबली आला, पायरीवर तारले माशांची टोपली ठेवली आणि म्हणाला, "वाटो आसा." एवढंच. पाठ फिरवून निघाला.

हा प्रकार मला मुळीच पटत नाही. आपण गावाला परत आलो म्हणजे लोकांनी आपल्याला पोसायचं की काय? शिवाय माझं कोलेस्टेरॉल. मी टोपली उचलून त्याच्या मागे गेलो, त्याच्या हातात दिली आणि स्वच्छ सांगितलं, "बाबली, तुझे उपकार आहेत, पण आम्हाला फुकटचं नको. लागेल तेव्हा बाजारातून घेऊ. आमच्याकडे परत पाठवू नकोस."

तो टोपली घेऊन गेला. मला बरं वाटलं. व्यवहार चोख असला की नाती टिकतात.

सावित्री आली. सांगितलं. ती हातातल्या पिशव्यांसकट पायरीवर बसली.

"तुमी परत केलास?"

"मग काय करणार?"

चादरी तशाच ठेवून वहिनींकडे गेली, अंधार पडल्यावर आली आणि न जेवता झोपली. एसटीचा प्रवास तिला सोसत नाही.

५ नोव्हेंबर

दिवाळी झाली. फराळाला फारसं कोणी आलं नाही. आमच्या वाडीला एरवी यायला निमित्तही लागत नाही.

सावित्रीने पहाटेचं चालणं बंद केलं आहे. उजाडलं की मागच्या दारी बसून राहते. मी म्हटलं, बरं केलंस, थंडीत विश्रांती हवी. तळहातही हळूहळू मऊ पडतील.

वर्गाला सत्यवतीवहिनी येत नाहीत. बाकी तिघी येतात, पण हसणं गेलंय. आज पुल स्ट्रिंग्ज घेतलं, म्हणजे वशिला लावणे. मग प्रत्येकीला पुल वापरून एक वाक्य करायला सांगितलं. समीक्षाने केलं, "द बुल पुल्स द कार्ट." ठीक आहे. सावित्री उभी राहिली. म्हणाली, "आय डोन्ट पुल नाऊ."

एक चूक नाही! कर्ता, नकार, क्रियापद, सगळं जिथल्या तिथे. मी टाळ्या वाजवल्या. नर्मदाकाकी उठून बाहेर गेल्या. म्हातारपणी एका जागी बसवत नाही.

विनीतचा फोन आला. आमच्या खोलीला कुठला रंग देऊ, विचारत होता. फिकट निळा सांगितला.

२५ नोव्हेंबर

आजचा दिवस मला सबंध लिहायचा आहे, कितीही लाज वाटली तरी.

दुपारी समीक्षा पळत आली. बंगळुरूची एक टूर कंपनी सहा डिसेंबरला आठ पाहुणे पाठवते आहे, बरोबर त्यांची लीडर बाई. बाईला पसंत पडलं तर मेपर्यंत दर आठवड्याला माणसं. म्हणजे चारही घरांचा मोसम उभा राहिला. पण त्यांना रापण ओढायची आहे, त्याच्यासाठीच येताहेत. आणि बाबलीने साफ नाही म्हटलंय. माझ्या घरात उतरणारा कोणी दोरीला हात लावणार नाही, म्हणे.

सावित्री हे ऐकून आत गेली. मी म्हटलं, थांब, मी बोलतो. आयुष्यभर भल्याभल्या कंत्राटदारांना पटवलंय, बाबली किस झाड की पत्ती.

बाबली सुरूच्या सावलीत जाळं शिवत बसला होता. मी मुद्देसूद बोललो. पर्यटन, रोजगार, वाडीचं नाव. तो सुई चालवत राहिला. मी थांबल्यावर म्हणाला, "बोलून झाला?"

"झालं."

"तुझ्या घरान दोरी सोडली, इस्नू. मी काय करू?"

"आम्ही धरली होती कधी, सोडायला?"

बाबलीने सुई खाली ठेवली. "तुका खराच म्हायत नाय?" असं म्हणून त्याने समीक्षाकडे पाहिलं आणि पुन्हा जाळ्यात मान घातली.

परतताना समीक्षाने सांगितलं. जो दोरी धरतो त्याचा वाटा. मग तो भाऊ असो, भटका असो, नाहीतर वैरी असो. मासे वाळूवर मांडतात, बाबली एकेकाचं नाव पुकारतो, त्याने पुढे होऊन आपला वाटा उचलायचा. वाटा परत करणं म्हणजे 'तुमची दोरी नको' असं सगळ्यांसमोर सांगणं. आणि तो वाटा फुकटचा नव्हता. तो सावित्रीचा होता. आम्ही गावात आल्यापासून ती रोज पहाटे दोरीवर जात होती. त्या दिवशी ओढून झाल्यावर तिला एसटी गाठायची होती, म्हणून बाबली स्वतः पोचवायला आला होता. एरवी ती आपला वाटा नर्मदाकाकींकडे ठेवायची. माझ्या कोलेस्टेरॉलची कटकट नको म्हणून.

"काका, तुमी तिचो हात सोडवलास," समीक्षा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

घरी आलो तो तणतणतच आलो. सावित्री तांदूळ निवडत होती.

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुमी इचारलास खंय?"

"अगं, हाताला घट्टे पडले तेव्हा तरी सांगायचं! मी क्रीम आणायला सांगत होतो!"

"तेवाच सांगणार होतंय. पण तुमी फुडे क्रीमचा नाव सांगूक लागलास."

मी म्हटलं, या वयात हा द्राविडी प्राणायाम कशाला? मासे काय बाजारात मिळत नाहीत? तेव्हा तिने सूप बाजूला ठेवलं. सावित्री फार बोलणारी नाही. पण आज बोलली.

"माशांसाठी जातंय असा वाटता तुमका? डोंबिवलेक मी कोण? विनीतची आई. मिसेस कुबल. वॉचमन वैनी म्हणता, भाजीवालो मावशी म्हणता. माजा नाव कोण घेता? तुमी तरी? 'अगं, ऐकलंस का!' हंय पाटेक बाबलीभावजी सगळ्यांच्या देखत आरडतत, 'सावित्री!' आणि मी माजा माझ्या हातान उचलून हाडतंय." तिने सूप पुन्हा पुढे ओढलं. "तिकडे जावचा झाला तर येयन मी. शब्द दिलंय. पण माका जावचा नाय, ह्या तुमका ठावूक असूक होया."

तिला मुंबई हवी आहे हे मी परस्पर ठरवून टाकलं होतं. खोलीचा रंगसुद्धा.

२७ नोव्हेंबर

नर्मदाकाकींना विचारलं, बाबलीची माफी मागायची तर कशी मागायची? मी दोन कच्चे मसुदे केले होते.

काकी म्हणाल्या, "तोंडान मागतंस? ता तोंड घेवन खंय ठेवतलो तो? दोरी धर. धरलेल्या दोरयेवरसून कोणाचो हात कोण काडणा नाय. नाव पुकारूचा की नाय, ता बाबली ठरयतलो."

"सावित्रीला घेऊन जाऊ?"

"सोडली कोणी? तिच्या घोवान, तू. तेवा पयलो तू जा."

रास्त आहे. उद्यापासून जातो. ओढणे या क्रियापदाचा मला जेवढा अभ्यास आहे तेवढा या किनाऱ्यावर कोणाचा नसेल.

२८ नोव्हेंबर

पाठ. खांदे. तळहात. एवढंच लिहवतं.

३० नोव्हेंबर

तीन पहाटा झाल्या. आता पेन धरता येतंय.

पहिल्या दिवशी ट्रॅकपँट आणि बूट घालून गेलो. कोणी हसलं नाही, कोणी 'ये'ही म्हटलं नाही. दोरीवर जागा होती तिथे हात घातला आणि दंडाचा जोर लावला. शेजारी नर्मदाकाकी. त्यांनी फक्त पाठ मागे टाकली, टाचा वाळूत रोवल्या आणि चालू लागल्या. ओढायचं हातांनी नसतंच. अंगाचा भार दोरीवर टाकायचा आणि मागे मागे जायचं, वरच्या माडापर्यंत पोचलं की दोरी सोडून पुन्हा पाण्याजवळ यायचं आणि नव्याने धरायची. मागचा पुढे, पुढचा मागे, असं सगळं फिरतं असतं. आपण थांबलो तर पलीकडच्या माणसाच्या हाताला लगेच कळतं.

पुल युअर वेट मी इतकी वर्षं शिकवण्याजोगं वाक्य समजत होतो. काल काकींना ते पुन्हा सांगितलं. म्हणाल्या, "मगे सांगतंस काय, टाक ना वजन!"

मासे मांडले, बाबलीने नावं पुकारली, माझं नाही. आजही नाही. सगळे आपापले वाटे घेऊन गेले आणि मी हात हलवत घरी आलो. वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू? खूप वाईट वाटलं.

सावित्रीने खोबरेल तेल कोमट करून माझ्या तळहातांना लावलं. मी म्हटलं, "क्रीम..." ती हसली. महिनाभरात पहिल्यांदा.

४ डिसेंबर

आज पहाटे निघालो तेव्हा सावित्री चपला घालून दारात उभी. "एकटे दमतास," म्हणाली. दोघं गेलो. ती दोरीच्या वरच्या टोकाला, तिच्या नेहमीच्या जागी. कोणी सरकून जागा केली नाही, कारण ती जागा कोणी घेतलीच नव्हती.

नावं पुकारली. आमची दोघांचीही नाहीत. पण सत्यवतीवहिनी जाता जाता म्हणाल्या, "भावजी, सांजेक वर्ग आसा मां? शुक्रवारी पावणे येतत, माका बोलूक होया."

म्हणजे पाहुण्यांना किनाऱ्यावर यायला बाबलीने अडवलं नाही. हो मात्र अजून म्हटलेलं नाही.

विनीतला फोन केला, रंगाची घाई करू नकोस.

५ डिसेंबर

वर्ग दणक्यात झाला. मी धडा बदलला. व्याकरण बाजूला. पाहुण्यांना दोरीवर काय सांगायचं ते बायकांनी मालवणीत सांगायचं आणि मी त्याचं इंग्रजी करून द्यायचं. 'हातान ओढू नको', 'फाटी बग' (मागे बघ), 'पाय रोव'. वहिनींचा आवाज असा आहे की इंग्रजी चुकली तरी हुकूम चुकणार नाही. नर्मदाकाकींनी एकच वाक्य मागून घेतलं आणि तोंडात घोळवत घरी गेल्या. कशाला हवंय ते सांगत नाहीत.

७ डिसेंबर

पाहुणे काल रात्री उतरले. आज पहाटे सगळे किनाऱ्यावर. लीडर बाई उंच, डोक्यावर हॅट. बाबलीने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि समुद्राकडे तोंड करून देवाला गाऱ्हाणं घातलं, नेहमीसारखंच. "बा देवा म्हाराजा, आज जे कोण हंय दोरयेर हात घालतीत, तेंका सगळ्यांका सुखरूप ठेव रे म्हाराजा!" आम्ही ओरडलो, "होय म्हाराजा!" पाहुणेही ओरडले. आज जे कोण दोरीवर हात घालतील, असं तो म्हणाला. त्यात मी आणि पाहुणेही आलो.

होडी जाळं टाकून आली. पहिली ओढ लागली तेव्हाच कळलं की आज जाळ्यात माल आहे. दोरी जागची हलेना. बाबली दोन्ही दोऱ्यांमधून धावत ओरडत होता. एरवीचे आठ-दहा ज्वान दोडामार्गापलीकडे गोव्याला कामाला गेलेले, ते शनिवारीही सुटत नाहीत. आम्ही मोजके म्हातारे, बायका आणि हे शहरी पाहुणे, तेही दंडाने ओढणारे.

"डोन्ट पुल विथ हँड!" सत्यवतीवहिनींची गर्जना आली. "लीन बॅक! वॉक! यू, हॅट! वॉक!"

लीडर बाई दचकली आणि चालू लागली. समीक्षा पलीकडच्या दोरीवर हेच सांगत होती. चष्मेवाला एक पोरगा माझ्यामागे धापा टाकत होता. त्याने काकींना विचारलं, अजून किती लांब? काकी अगदी गंभीर चेहऱ्याने म्हणाल्या, "टिल गोवा." त्याचा चेहरा पडलेला बघून त्यांनी ते घोळवलेलं वाक्य बाहेर काढलं, "आय ॲम पुलिंग युअर लेग!" पोरगा हसत सुटला, आणि तेवढ्यात दोरी सरकली. हसताना अंग सैल पडतं, भार बरोबर पडतो. मी हे शिकवलं नव्हतं, पण क्रियापद माझंच.

मध्ये एकदा दोरी उलट जायला लागली. भरतीच्या लाटेने जाळं परत खेचलं. दोन पाहुणे पडले. माझ्याही टाचा सुटल्या. वरच्या टोकाकडून सावित्रीचा आवाज आला. एवढ्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "अहो, बसा! दोरी कमरेक घेवन खाली बसा!" मी बसलो. माझ्यामागचे बसले. लाट गेली, दोरी थांबली. बाबली आमच्या पुढ्यात येऊन उभा होता. पुढे जाऊन त्याने स्वतः आमच्या दोरीला हात घातला.

जाळं वर आलं तेव्हा ऊन पडलं होतं. तारले, बांगडे, मधूनच एखादी कर्ली. वाळू नुसती उसळत होती. पाहुणे वेड्यासारखे नाचत होते, आमच्यातले काहीजणसुद्धा. मी वाळूवर आडवा होतो.

मग वाटे मांडले. बाबलीने पहिल्यांदा पाहुण्यांना बोलावलं, त्यांची नावं त्याला येत नव्हती म्हणून बोट दाखवून. हॅटवाली बाई पुढे आली आणि दोन्ही हात हलवत इंग्रजीत म्हणाली, नाही नाही, हे कसं घेऊ, तुम्ही एवढे कष्ट करता, हे तुमच्याकडेच राहू द्या. अतिशय चांगल्या मनाने म्हणाली. माझ्यासारखीच.

मी कसा उठलो, ठाऊक नाही. बाबलीचा चेहरा बदलायच्या आत मी तिच्यापुढे पोचलो होतो. "मॅडम, प्लीज, टेक इट! धिस इज नॉट अ गिफ्ट. यू पुल्ड. इट इज युअर्स. इफ यू रिटर्न इट, यू आर टेलिंग देम यू वेअर नेव्हर हिअर." सगळ्या नोकरीत एवढं घाईचं इंग्रजी मी बोललो नसेन. तिने माझ्याकडे पाहिलं, बाबलीकडे पाहिलं, हॅट काढली आणि तिच्यातच आपले मासे भरले. वाडीने टाळ्या पिटल्या.

मी जे बोललो त्यातलं बाबलीला किती कळलं, कोण जाणे. समीक्षा त्याच्या कानाशी काहीतरी सांगत होती.

नावं सुरू झाली. नर्मदा. सत्यवती. समीक्षा. एकेकजण पुढे होत होतं. मी वाळूकडे बघत उभा होतो. माझं नाही निघालं तरी चालेल, पण तिचं निघू दे, असं मनातल्या मनात मीच एक गाऱ्हाणं घातलं.

"सावित्री!"

केवढ्यानं पुकारलं! ती गेली. पदर खोचलेला, साडी गुडघ्यापर्यंत ओली, केसांत वाळू. तिने आपला वाटा टोपलीत भरला आणि मान वर करून चालत आली. ही बाई माझी बायको आहे, याचा मला असा अभिमान कधी वाटला नव्हता. सांगितलंही नव्हतं कधी. आज सांगितलं. "काय तरीच," म्हणाली.

शेवटचा एक वाटा वाळूवर उरला होता. बाबली त्याच्याकडे बघत होता. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. ओठाच्या कोपऱ्यात हसू होतं. अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"सावित्रीचो घोव!"

सगळा किनारा हसला. काकी तर वाळूत बसल्याच. मी पुढे झालो, वाकलो आणि दोन्ही हातांनी माझे तारले उचलले.

८ डिसेंबर

काल दोन्ही वाटे एकाच टोपात शिजले. तिरफळं घालून तारल्यांचं तिखलं. कोलेस्टेरॉलचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही.

हॅटवाल्या बाईने मेपर्यंतच्या तारखा समीक्षाला दिल्या. तिला रापणीवरच्या बायकांचं इंग्रजी फार आवडलं. मी विनयाने सांगितलं, की शिक्षक मी आहे.

विनीतचा फोन आला. निळा रंग मिळाला, म्हणे, सुताराला सांगून कपाटही करून घेतो. "बाबा, मग शिमग्यानंतर नक्की ना? कधी येताय ते ठरवून सांगा, म्हणजे तिकिटं काढतो."

सावित्री पायरीवर जाळ्याचा एक तुकडा शिवायला शिकत होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने मान वर केली नाही, पण सुई थांबली होती.

मी फोन तिच्यापुढे धरला आणि मोठ्याने म्हटलं, "तुझ्या आवशीक इचार रे झिला. मी काय, मी सावित्रीचो घोव."